वहिनीसाहेबांचं वाचन

जोतीराम चौगले हा माणूस चौदा वर्षं अर्धा होता. हातपाय धड, डोकं जागेवर, पण शाळेच्या दप्तरी अर्धा. अर्धवेळ ग्रंथपाल. पगार अर्धा, मान अर्ध्याहून कमी, आणि स्टाफरूममधली खुर्ची दाराला लागून, येणाऱ्याजाणाऱ्याचा धक्का खाणारी. काम तेवढं पूर्ण. साडेदहाच्या घंटेपासून शेवटचं पोर घरी जाईपर्यंत. ‘सर, तुम्ही अर्धवेळ, तुम्ही निघा आता’ असं चौदा वर्षांत कुणी म्हणालं नाही आणि हा बाबाही कधी निघाला नाही. घरी जाऊन करणार काय? बायकोचं फॉल-पिकोचं मशीन दिवसभर खडखडत असायचं, आणि त्या मशीनवरच आपलं घर चालतं हे भर दुपारी घरात बसून बघायची त्याची तयारी नव्हती.

शाळा कळंब्याच्या पुढं, गारगोटी रस्त्याला. संस्था आबांची. आबा म्हणजे उदयसिंह इंगवले. दुधाची डेअरी आबांची, पेट्रोल पंप आबांचा, आणि गावातल्या निम्म्या घरांची चूल आबांच्याच कुठल्या ना कुठल्या धंद्यावर पेटायची. त्यांची बायको वर्षाराणी, जिला सगळं गाव वहिनीसाहेब म्हणायचं, ती वीस वर्षांपूर्वी काविळीनं गेली. तिच्या नावानं आबांनी शाळेत ग्रंथालय काढलं. आता खरं ते सांगायला पाहिजे, ग्रंथालय झकास होतं. सात हजार पुस्तकं, स्टीलची कपाटं, डोक्यावर पंखे. दारासमोर वहिनीसाहेबांचा हा एवढा मोठा फोटो, आणि प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर शिक्का : ‘वाचनप्रेमी कै. वर्षाराणी इंगवले यांच्या स्मरणार्थ’.

वहिनीसाहेब वाचायच्या हे गावाला कुणी सांगायची गरज नव्हती. गावानं डोळ्यांनी बघितलं होतं. रोज संध्याकाळी चार ते सहा आबांच्या घराच्या सोप्यावर खुर्ची टाकून ही बाई पुस्तक घेऊन बसलेली असायची, रस्त्याकडं तोंड करून. खुद्द चौगलेनं बघितली होती. बाराएक वर्षांचा असताना तो सायकलवरून डेअरीला दूध घालायला जायचा. पुस्तक वाचणारं बाईमाणूस त्यानं जन्मात पहिल्यांदा बघितलं ते हेच. किटली हँडलला अडकवून तो कुंपणापाशी उगाच थांबायचा. आपणही असं वाचावं हे त्याच्या डोक्यात तिथंच शिरलं. मी ग्रंथपाल झालो तो या माउलीमुळं, असं तो दरवर्षी पाचवीच्या पोरांना फोटोसमोर उभं करून सांगायचा.

आणि माणूस कामाचा होता, हे त्याच्या वैऱ्यानंही कबूल केलं असतं. त्यानं पोरांना शब्दवही लावली होती. पुस्तक न्यायचं, वाचायचं, त्यातले दहा नवे शब्द वहीत उतरवायचे, अर्थ लिहायचा आणि प्रत्येक शब्दाचं वाक्य करायचं. वाक्याला मात्र अट होती. गाइडातलं चालायचं नाही, कोशातलं चालायचं नाही. स्वतः बघितलेलं, ऐकलेलं नाहीतर भोगलेलं पाहिजे. ‘न बघितलेलं वाक्य म्हणजे चोरीचा माल,’ असं म्हणून तो लाल पेनानं सरळ काट मारायचा. एका पोरानं ‘तटस्थ’ शब्दाला लिहिलं होतं : आई आणि काकूचं भांडण चाललं तेव्हा बाबा मोबाइलमध्ये तटस्थ होते. दुसऱ्या एकानं ‘औदार्य’ला लिहिलं : मामानं म्हैस विकली पण तिच्या गळ्यातली घंटा ठेवून घेतली, हे त्याचं औदार्य. चौगले पोट धरून हसला. म्हणाला, ‘‘शब्द चुकला लेका, वाक्य बरोबर हाय. वाक्य ठेव, शब्द बदल.’’ अशानं पोरं वाचायला लागली. मधल्या सुट्टीत डबा सोडून रांगेत उभी राहायला लागली. आजूबाजूच्या शाळांचे मास्तर बघायला यायचे, आणि आबा भाषणात छाती फुगवून सांगायचे.

तर यंदा काय झालं, चौगलेला पूर्ण व्हायची संधी आली. अर्धवेळचं पद पूर्णवेळ करता येईल असं पत्र आलं. प्रस्ताव तयार झाला. त्यावर संस्थेच्या अध्यक्षांची, म्हणजे आबांची सही घेऊन तो सोमवारपर्यंत शिक्षण खात्याच्या कार्यालयात पोचवायचा होता. फाइल दोन महिने आबांकडं पडून होती. चौगले चार वेळा जाऊन दारात उभा राहून आला. चौथ्या वेळी आबा म्हणाले, ‘‘सर, घाई काय हाय? शनिवारी पुण्यतिथी होऊन जाऊ दे. यंदा विसावं वर्ष. नीट पार पाडा. मग निवांत सही करू.’’ आबा कधी कुणाला धमकी द्यायचे नाहीत. त्यांना कधी गरजच पडली नाही.

पुण्यतिथीला एक रीत होती. वर्षात सगळ्यांत जास्त पुस्तकं वाचणारं पोर स्टेजवर उभं राहून ‘वहिनीसाहेबांची आठवण’ सांगायचं. पाच मिनिटं. आता ह्या पोरांच्या जन्माच्या आधी बाई गेलेली, आठवण येणार कुठनं? म्हणून चौगलेनंच एकदा एक कागद लिहून दिला होता. सुविद्य, ग्रंथप्रेमी, व्यासंगी, मृदुभाषी. तोच कागद दरवर्षी नव्या पोराच्या हातात पडायचा, आणि फाटू नये म्हणून त्यानं तो लॅमिनेट करून घेतला होता. आपल्या शब्दवहीची अट ह्या कागदाला लागू पडत नाही, हे त्याच्या कधी लक्षातही आलं नाही. शाळेत काही गोष्टी तपासायच्या नसतात.

यंदा पहिली आली क्रांती. नववीतली. बाप पिराजी आबांच्या डेअरीचा दुधाचा टेम्पो चालवायचा. पोरगी काटक, आवाज खणखणीत, वर्षात एकशे बेचाळीस पुस्तकं वाचलेली. आणि प्रश्न विचारायची खोड अशी की गणिताचे सर तिला बघितलं की रस्ता बदलायचे. पुण्यतिथीच्या आठवड्यातल्या सोमवारी चौगलेनं तिच्या हातात कागद दिला. तिनं तो उभ्या उभ्या वाचला आणि परत टेबलावर ठेवला.

‘‘सर, ह्यो कागद माझ्या वहीत बसत न्हाय.’’

‘‘का गं?’’

‘‘व्यासंगी म्हंजे काय ते ठाव हाय मला. पर वाक्य कसं करू? मी वहिनीसाहेबांस्नी बघितल्यालं न्हाय. न बघितल्यालं वाक्य म्हंजे चोरीचा माल, तुम्हीच म्हणतासा की.’’

आता इथं शहाण्या माणसानं काय केलं असतं? गप बस, पाठ कर, म्हणाला असता. पण मास्तरला आपलंच बोलणं पोराच्या तोंडून ऐकू आलं की त्याला गुदगुल्या होतात. चौगले खूश झाला. चौदा वर्षांत कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. तो खुर्चीत मागं रेलला आणि त्यानं आपल्याच हातानं आपलं वाटोळं केलं.

‘‘मग बघितलेल्या माणसाला विचार की. तुझी आज्जी वहिनीसाहेबांच्या घरात कामाला होती न्हवं? जा, बस तिच्यापाशी. सांगेल ते सगळं लिहून आण.’’

त्याला वाटलं होतं, म्हातारी सांगेल वहिनीसाहेबांच्या हातच्या तांबड्या रश्श्याबद्दल, गौरीच्या आराशीबद्दल. कागदाला जरा माया येईल. आबा खूश होतील.

गुरुवारी संध्याकाळी शाळा सुटल्यावर क्रांतीनं वही टेबलावर ठेवली आणि बस गाठायला पळाली. चौगलेनं लाल पेन काढलं आणि वाचायला घेतलं. तिनं लिहिलं होतं :

‘वहिनीसाहेबांचं खरं नाव बया. माहेर गडहिंग्लजच्या पुढं. नाव लग्नात बदललं. आज्जी म्हणते, बया म्हणून हाक मारली की त्या चटकन वळायच्या. वर्षाराणी म्हटलं की दोनदा हाक मारावी लागायची.

‘वहिनीसाहेबांना लिहावाचायला येत नव्हतं. त्यांच्या वडिलांनी सातवी पास म्हणून सांगून लग्न लावलं. आबा बी.ए. लग्नानंतर त्यांना कळलं. त्यांनी ते कुणाला कळू दिलं नाही. रोज चार ते सहा त्यांना सोप्यावर बसवायचे, हातात पुस्तक देऊन. रस्त्यावरनं दिसलं पाहिजे. पान कधी उलटायचं ते वहिनीसाहेबांना कळायचं नाही. आबांनी सांगितलं, शंभर मोज आणि उलट. त्यांना विसाच्या पुढं मोजता यायचं नाही. म्हणून आज्जी आत दाराआड तांदूळ निवडत बसायची आणि पाच विसा झाल्या की बांगड्या वाजवायची. मग त्या पान उलटायच्या.

‘एकदा त्यांनी आपल्या लहान मुलाकडून त्याच्या पाटीवर बया लिहायचं शिकून घेतलं. दोन अक्षरं. मग न्हाणीच्या भिंतीवर कोळशानं लिहिलं. आबांनी बघितलं. आबा म्हणाले, शिकायचं होतं तर लग्नाआधी शिकायचं. आणि उजव्या हाताची बोटं तापल्या तव्याला लावली. दुसऱ्या दिवशी चार ते सहा त्या डाव्या हातानं पानं उलटत होत्या.

‘शब्द : व्यासंग. अर्थ : सततचं वाचन, अभ्यास. वाक्य : वहिनीसाहेबांचा व्यासंग आज्जी बांगड्या वाजवून मोजायची.’

चौगले शेवटच्या ओळीपर्यंत पोचला आणि त्याचा हात सवयीनं खाली गेला. त्यानं लिहिलं, ‘उत्तम!’ खाली सही केली, तारीख घातली. चौदा वर्षांत एका पोरानं असं लिहिलं नव्हतं. त्याचा ऊर भरून आला. हे आपल्या हाताखाली शिकलेलं पोर आहे, ह्या ग्रंथालयातनं घडलेलं. त्याला खरोखर आनंद झाला, आणि त्या आनंदात तो चांगला मिनिटभर होता.

मग त्याला शनिवार आठवला, आणि आबांची सही.

खोटं म्हणून सोडून द्यावं म्हटलं तर तीही सोय नव्हती. कारण कुंपणापाशी किटली घेऊन उभ्या राहणाऱ्या पोराला एक गोष्ट दिसली होती. वहिनीसाहेबांच्या उजव्या हाताला पांढरी चिंधी बांधलेली. बरेच दिवस होती. बाराव्या वर्षी त्याला वाटलं होतं, विळीनं कापलं असेल. ज्या बाईला बघून तो वाचायला लागला, ती बाई बसून शंभर व्हायची वाट बघत होती. समोर भिंतीवर तिचा फोटो होता, आणि चौगलेला तिकडं मान वर करून बघवेना.

शुक्रवारी पहिल्याच तासाला त्यानं क्रांतीला बोलावून घेतलं.

‘‘हे बोलायचं नाही. कागद पाठ कर.’’

क्रांतीनं वही उघडून बघितली. ‘‘सर, तुम्ही उत्तम लिवलंय की खाली.’’

‘‘वहीपुरतं उत्तम. स्टेजवर नव्हे.’’

‘‘असं कसं सर? वहीत खरं आन स्टेजवर खोटं?’’

‘‘आवाज खाली घे!’’ चौगले ओरडला, आणि मग एकदम उतरला. रागावून काम होणार नाही हे त्याला कळलं. त्यानं तिला सगळं सांगितलं. फाइल, सही, सोमवार. पोराबाळांचा संसार आहे पोरी, माझ्या पोटावर पाय देऊ नकोस, म्हणाला. आणि एवढ्यावर पोरगी हलेना तेव्हा हळूच म्हणाला, ‘‘तुझा बा टेम्पो कुणाचा चालवतो, त्याचा तरी विचार कर.’’

हे लागलं. क्रांतीचा चेहरा पडला. तिनं कागद उचलला. ‘‘बरं सर. करतो पाठ.’’

वही चौगलेनं ठेवून घेतली. संध्याकाळी दार लावून त्यानं ती दोन पानं फाडली, त्यांचे बारीक बारीक तुकडे केले आणि बाहेरच्या गटारात सोडले. स्वतःच्या लाल अक्षरातला ‘उत्तम’ तेवढा एका तुकड्यावर अख्खा राहिला होता, तो त्यानं पुन्हा फाडला.

शनिवारी मैदानात मांडव पडला. फोटोला हार, समोर समई, खुर्च्यांवर गावातली मोठी माणसं, शिक्षण खात्यातले दोन साहेब, मागं सतरंजीवर सगळी शाळा. आबा पांढऱ्या कपड्यांत मधोमध. विसावं वर्ष म्हणून आबांनी घरातल्या जुन्या गड्याबायांना साडी-धोतर वाटायचं ठरवलं होतं. धोंडुबाई, म्हणजे क्रांतीची आज्जी, काठी टेकत स्टेजवर गेली, आबांच्या हातून जांभळी साडी घेतली, पाया पडली आणि पहिल्या रांगेत येऊन बसली. साडीचा बॉक्स तिनं मांडीवर दोन्ही हातांनी धरला होता.

मग क्रांतीचं नाव पुकारलं. चौगले स्टेजच्या कडेला, पडद्यापाशी उभा राहिला. पोरगी माइकसमोर आली, आणि काय सुरुवात केली महाराजा! एक शब्द इकडचा तिकडं नाही. सुविद्य आली, ग्रंथप्रेमी आली, व्यासंगी आली. खात्यातले साहेब मान डोलावत होते. चौगलेचा श्वास मोकळा झाला. झालं, आता एवढी चार वाक्यं, की सही.

‘‘रोज सायंकाळी चार ते सहा,’’ क्रांती म्हणाली, ‘‘वहिनीसाहेब सोप्यावर बसून वाचनात तल्लीन होत असत.’’

आणि तिची नजर आज्जीवर गेली. धोंडुबाईनं मान खाली घातली होती. पदराचा बोळा तोंडात धरून म्हातारी रडत होती.

क्रांती थांबली. चौगलेला वाटलं, विसरली. तो पडद्याआडून कुजबुजला, ‘‘मृदुभाषी... मृदुभाषी म्हण.’’ ती तिकडं वळलीच नाही. हातातला कागद तिनं माइकच्या दांड्यापाशी खाली ठेवला.

‘‘तल्लीन नव्हत्या,’’ ती म्हणाली. ‘‘त्यांना वाचायलाच येत न्हवतं. त्या शंभर मोजून पान उलटत हुत्या. आन मोजत हुती माझी आज्जी.’’

मग सगळंच बाहेर आलं. बया हे नाव, सातवी पासचं खोटं, बांगड्या, पाटी, कोळसा, तवा. भाषणाची भाषा सुटली, घरची बोली आली, आणि ती माइकवरनं मांडवभर घुमत राहिली. तीन मिनिटं लागली असतील. दोघातिघांनी मोबाइल वर धरले होते, ते त्यांच्या शेजारच्यांनी खाली ओढले.

आबा जागचे हलले नाहीत. पोरगी थांबली तसे ते सावकाश उठले, तिच्या समोरचा माइक दांड्यावरनं काढून घेतला आणि चक्क हसले.

‘‘पोरीनं गोष्ट झकास रचलीया. ग्रंथालयाचा उपयोग होतोय म्हणायचा.’’ मांडवात कुठंतरी कुणीतरी हसलं. ‘‘चौगले सर, पुढं या. ही गोष्ट तुम्ही आधी वाचली होती?’’

चौगले पडद्याआडून बाहेर आला. हजार डोळे. त्याला समोर खात्यातले दोन साहेब दिसले, आबांच्या बोटातली अंगठी दिसली, आणि बाजूला क्रांती. पोरगी घाबरलेली नव्हती. ती त्याच्याकडं अशी बघत होती की आता सर सांगतील, मग मिटलंच.

‘‘नाही, आबा,’’ चौगले म्हणाला.

एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण खोटं बोलायला लागलेला माणूस एका वाक्यावर थांबत नाही. ‘‘मी दिलेलं भाषण वेगळं होतं. सगळ्यांनी आत्ताच ऐकलं. पोरगी वाचते भरपूर, पण वाचलेलं आणि घडलेलं यातला फरक तिला कळत नाही. असं रचून सांगायची तिला सवय आहे. मी मागंही तिला ताकीद दिली होती.’’

‘‘सर!’’ क्रांती ओरडली. ‘‘वहीत हाय की! तुम्ही उत्तम लिवलंय!’’

‘‘मग आणा वही,’’ आबा म्हणाले. ‘‘बघू या सगळेच.’’

चौगले स्वतः जाऊन वही घेऊन आला. क्रांतीनं ती जवळजवळ हिसकावून घेतली आणि सगळ्यांसमोर पानं उलटायला लागली. शेवटपर्यंत गेली. मग परत पहिल्यापासून बघितलं, एकेक पान सुटं करून. फाडलेल्या पानांच्या कडा शिवणीत अडकून राहिल्या होत्या, त्यांच्यावर तिचं बोट थांबलं. तिनं वर बघितलं. चौगले मांडवाच्या छताकडं बघत होता.

‘‘धोंडुबाई,’’ आबांनी माइकमधूनच हाक मारली, अगदी मऊ आवाजात. ‘‘तू होतीस आमच्या घरात. पोरगी तुझं नाव घेतीया. तूच सांग बाई, असं काय झालं होतं?’’

म्हातारी काठीच्या आधारानं उठली. मागं, मांडवाच्या दाराशी तिचा लेक पिराजी उभा होता, डेअरीचा निळा शर्ट घातलेला. तिनं एकदा लेकाकडं बघितलं, एकदा नातीकडं.

‘‘मला काय आठवत न्हाय जी,’’ ती म्हणाली आणि बसली.

‘‘झालं तर मग,’’ आबा म्हणाले. त्यांनी क्रांतीच्या डोक्यावर हात ठेवला. ‘‘लहान हाय. माझ्या मनात काय न्हाय. मी माफ केलं.’’ आणि मांडवानं टाळ्या वाजवल्या. मोठ्या माणसाचं मन किती मोठं, म्हणून अख्ख्या गावानं टाळ्या वाजवल्या. खात्यातल्या साहेबांनी वाजवल्या, मास्तरांनी वाजवल्या, सतरंजीवरच्या पोरांनी मास्तरांकडं बघून वाजवल्या. आबांचा हात डोक्यावर असेपर्यंत क्रांतीला हलता येईना. ती वही छातीशी धरून उभी होती. चौगलेनंही टाळ्या वाजवल्या.

स्टेजवरून उतरताना आबा त्याच्याजवळ क्षणभर थांबले. ‘‘फाइल गाडीत हाय, सर. या गेटपाशी.’’

जेवणावळ सुरू झाली. गर्दी मांडवामागं सरकली. चौगले शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत गेटाकडं निघाला. आबांची गाडी गेटाच्या आत लिंबाखाली उभी होती, मागची काच खाली, आणि आबा मांडीवर फाइल घेऊन चष्मा शोधत होते. दहा पावलं राहिली असतील, तोवर बाजूनं धोंडुबाई आडवी आली. मागं क्रांती, डोळे सुजलेले.

‘‘थांबा सर,’’ म्हातारी म्हणाली. ‘‘तुमास्नी एक सांगायचं हुतं.’’

चौगलेनं गाडीकडं बघितलं. ‘‘नंतर, आज्जी. मला जरा घाई हाय.’’

‘‘न्हाय, आत्ताच. मी खोटं बोललो सर. माझ्या लेकाच्या हातातलं टेम्पोचं टेरिंग गेलं तर आम्ही खायाचं काय, म्हणून बोललो. मी अडाणी बाई, मला कुठली शरम? पर तुम्ही एवढी कपाटंच्या कपाटं वाचलीसा. एवढं वाचून बी माझ्यासारखंच बोलायचं हुतं, तर ते वाचलंसा कशाला?’’

चौगलेची नजर पुन्हा गाडीकडं गेली.

‘‘आता ही पोरगी. सोमवारधरनं हिला मी घरात बसवणार हाय. माझ्यासारखी अडाणी ऱ्हायली तरी चालंल. तुमच्यासारखी शिकल्याली मला नको.’’

‘‘आज्जी, न्हाय!’’ क्रांतीनं तिचा हात धरला. ‘‘मला शाळंत यायचंय. आज्जी, मी पाया पडतो तुझ्या, मला घरात बसवू नको.’’

म्हातारीनं तिला बाजूला सारलं नाही. तशीच हात धरू दिला. तिचा आवाज एकदम उतरला, विनवल्यासारखा झाला.

‘‘यायचंय म्हणतीया बघा. तुमचाच नाद लागलाय तिला. मग असं करा सर. हिच्याकडं बघून एकदाच म्हणा, पोरी, तू खरं बोललीस. मोठ्यानं नको. स्टेजवर नको. हितं कोण न्हाय ऐकायला. तेवढं म्हणा, सोमवारी मी सोता तिला आणून सोडतो. माझ्या गळ्याची शपथ.’’

क्रांतीनं मान वर केली. ती नुसती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

चार शब्द होते. आबांना ते ऐकू जाणार नव्हते, दहा पावलं लांब, वर जेवणावळीचा गलका. पण आबांना चष्मा सापडला होता. ते खिडकीतून इकडंच बघत होते, आणि ऐकू आलं नाही तरी ओठ हललेले त्यांना दिसणार होते. चौगलेनं तोंड उघडलं होतं. ते त्यानं मिटलं.

‘‘चौगले सर!’’ आबांनी हाक मारली. ‘‘येताय न्हवं?’’

‘‘आलो, आबा,’’ चौगले म्हणाला, आणि म्हातारीच्या बाजूनं निघाला.

‘‘सर,’’ मागनं क्रांतीचा आवाज आला. एकदाच. त्याला तो स्वच्छ ऐकू आला. तो चालत राहिला.

आबांनी फाइल उघडली, खिशाचं पेन काढलं आणि तीन ठिकाणी सही केली. मग फाइल खिडकीतून बाहेर देता देता त्यांनी ती क्षणभर तशीच धरून ठेवली.

‘‘म्हातारी काय म्हणत होती?’’

‘‘काय न्हाय, आबा,’’ चौगले म्हणाला. ‘‘साडी आवडली म्हणत होती.’’